परसातल्या कोंबड्या, फराळाची पाकिटे आणि ट्रेडिंग स्टँडर्ड्स

प्रश्न: इंग्लंडमध्ये आमच्या परसात चार कोंबड्या आहेत. घरात मांस शिजत नाही, तरी उरलेला भात त्यांना घालू नका, असे शेजारी म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर: खरे आहे. हौसेने पाळलेली कोंबडीही तेथील कायद्याने शेतीतलीच धरली जाते, आणि स्वयंपाकघरातून गेलेले अन्न तिला घालणे हा गुन्हा ठरतो. शाकाहारी घरालाही सूट नाही. ज्या घरात दूध-तूपसुद्धा येत नाही अशा व्हीगन घरापुरताच अपवाद आहे. बागेतला पाला घरात न आणता थेट घातला तर चालतो. या कडकपणामागे 2001 सालची लाळ्या-खुरकूत रोगाची साथ आहे. नॉर्थम्बरलंडमधील एका वराहपालन केंद्रात नीट न उकळलेले खरकटे डुकरांना घातल्याने ती सुरू झाली असावी, असा सरकारी निष्कर्ष निघाला आणि ती आटोक्यात येईपर्यंत साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. कोंबड्यांना हा रोग होत नाही हे मान्य, परंतु मानमोडी आणि बर्ड फ्लू यांचे विषाणू कोंबडीच्या मांसातून पसरू शकतात. शिवाय 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंडमध्ये एकच कोंबडी असली तरी सरकारी नोंदणी सक्तीची आहे. या नियमांची अंमलबजावणी बहुतेक ठिकाणी कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) ट्रेडिंग स्टँडर्ड्स विभागातील, म्हणजे व्यापार आणि ग्राहकसंरक्षणाचे नियम पाहणाऱ्या विभागातील, पशुआरोग्य निरीक्षक करतात. शंका असेल तर आधीच त्यांना विचारावे. ते केवळ दंड करण्यासाठी नसतात.

प्रश्न: मी घरी केलेला फराळ पाकिटे भरून दिवाळी मेळ्यातील माझ्या स्टॉलवर विकते. लेबल लागते का?

उत्तर: लागते. विक्री सुरू करण्याच्या 28 दिवस आधी कौन्सिलकडे खाद्यव्यवसायाची नोंदणी करावी लागते, आणि ऑक्टोबर 2021 पासून अशा पाकिटांवर पदार्थाचे नाव व सर्व घटक लिहून त्यांतील 14 ठरावीक ॲलर्जीकारक घटक ठळक करावे लागतात. आपल्या फराळात ते पुष्कळ असतात: चकलीतले तीळ, चिवड्यातले शेंगदाणे आणि मोहरी, लाडवातले तूप आणि काजू. सर्वांत फसवा घटक मात्र हिंग, कारण बाजारातल्या बहुतेक हिंगपुडीत गव्हाचे पीठ असते आणि पोह्यांचा चिवडा गव्हाविना आहे असे समजून तो घेणारा माणूस आजारी पडू शकतो. डबीवरचे घटक वाचूनच लेबल लिहावे.

प्रश्न: दुकानातल्या गोरेपणाच्या क्रीमवर घटकच छापलेले नाहीत. तक्रार कुठे करावी?

उत्तर: ते विकत घेऊ नका. अशा क्रीममध्ये हायड्रोक्विनोन (त्वचेचा रंग उतरवणारे रसायन), पारा किंवा तीव्र स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये तक्रार सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक सेवेकडे नोंदवावी. ती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे पोहोचते. निरीक्षक नमुने घेऊन माल जप्त करू शकतात आणि खटलाही भरू शकतात, मात्र तुमचे पैसे परत मिळवून देणे हे त्यांचे काम नाही. क्रीम आधीपासून लावत असाल तर जीपींना (तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना) दाखवा, कारण स्टेरॉइड एकाएकी थांबवल्यानेही त्वचेला त्रास होतो.