थांबू दे की त्यांना

पत्र बडोद्याच्या रावपुऱ्यातून आलंय. वय 56, दोन्ही गुडघ्यांची झीज, दुखणं सहा वर्षं मुक्कामाला. डॉक्टर म्हणतात वजन उतरवा. त्यासाठी चालावं, तर गुडघे रात्रभर ठणकतात. रात्रीचं जेवण सोडून पपईवर राहिल्या, आठ महिन्यांत 81 वरून 78 किलोवर आल्या, 'म्हणजे काहीच नाही'. बरं वाटेल त्या दिवशी तासभर चालतात आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढतात. यजमान म्हणतात, 'तू पडून राहा, मी बघतो सगळं.' प्रश्न दोनच: नेमकं काय खाऊ, आणि चालू की नको?

मला ताई म्हटलंस, म्हणून एकेरीवर येते.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीशी अडले. तिसऱ्या पानावर, पपई आणि गोळ्या यांच्यामध्ये, तू लिहिलंयस: 'कमाटीबागेत मैत्रिणींबरोबर जायचे ते सोडलं, माझ्यापायी सगळ्यांना थांबावं लागायचं.' आणि लगेच दुधीच्या रसाकडे वळलीस. अगं, दुधीचा रस राहू दे बाजूला. त्यांच्यापैकी कुणी कुरकुर केली होती का? केली असती तर तू लिहिलं असतंस. नणंद काय बोलली ते शब्दन् शब्द लिहिलंयस. उलट तूच सांगतेस की त्यांतली एक अजून अधूनमधून फोन करते, आणि तू तिला 'बघते गं' म्हणतेस. दोन वर्षं झाली बघते आहेस.

म्हणजे त्या थांबायला तयार होत्या. आपल्यासाठी कुणी खोळंबलेलं तुलाच सोसवत नाही. मुलाच्या शाळेच्या फाटकाशी, सासूबाईंच्या दवाखान्यातल्या बाकावर, यजमान येईपर्यंत ताट झाकून, किती तास उभी राहिली असशील तू! तेव्हा कधी वाटलं का, की ही माणसं आपला वेळ खातात?

तुझ्या त्या तासभर चालण्याचं मूळही इथेच आहे. कमाटीबाग 113 एकरांची. तुम्ही काळ्या घोड्याच्या पुतळ्याकडून आत शिरायच्या आणि अख्खी बाग पालथी घालूनच बाहेर पडायच्या. तुझ्या लेखी अजून चालणं म्हणजे तेवढंच. म्हणून जरा बरं वाटलं की तू एकटी बाहेर पडतेस आणि ती जुनी चक्कर पुरी करून दाखवतेस, कुणाला ते तुझं तुलाच ठाऊक. चालल्याने गुडघा बिघडत नाही गं. तीन दिवस शून्य आणि चौथ्या दिवशी तास, या उडीने तो चिडतो.

आणि तो पडून राहिल्यानेही बरा होत नाही. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं, आणि ते वंगण आत मुरायला कूर्चा दाबली आणि सोडली जावी लागते, ओल्या स्पंजासारखी. पाऊल टाकलं की ते घडतं. शिवाय मांडीचे स्नायू बसून बसून आटले की त्यांनी पेलायचा भार गुडघ्यावर येतो. हे यजमानांना वाचून दाखव. प्रेमाने म्हणत असतील, पण त्या 'पडून राहा'ने तुझं नुकसान होतंय आणि ते त्यांनी आजपासून बंद करावं. खंडेराव मार्केटात पिशवी त्यांनी धरावी, भाजी निवडायला मात्र तू जावंस.

आता ते 'काहीच नाही'. गुडघे झिजलेल्या, वजन जास्त असलेल्या माणसांना चालवून अमेरिकेत मोजमाप केलं होतं, ते 2005 साली छापून आलं. एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. तुझ्या तीन किलोंचे दर पावलाला बारा झाले. दोन वर्षांचं गुटगुटीत पोर कडेवरून खाली ठेवलंस तू, आणि म्हणतेस काहीच नाही!

पपई मात्र थांबव. उपाशी राहून उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि तुला तर मांडीचे स्नायू हवेत. रात्री मुगाचं वरण, दही, एक भाकरी, भाजी असं नीट जेव. बडोद्यात राहून सेव-उसळ सोड असं मी कुणाला सांगणार नाही. उसळ वाटीभर घे, वरची तरी आणि सेव राहू दे.

गोळ्यांच्या यादीत प्रीगाबालिन दिसलं, ती नसांच्या दुखण्यावरची गोळी. त्याने काहींची भूक आणि वजन वाढतं. मनाने बंद करू नकोस, एकदम सोडली तर त्रास होतो. पण वजन वाढायला लागलं ते गोळीच्या आधी की नंतर, हे आठवून डॉक्टरांना सांग.

माझी कंबर बारा वर्षं दुखते आहे. सकाळी शेजारणीबरोबर निघते, आणि कोपऱ्यापर्यंत ती माझ्या बरीच पुढे गेलेली असते. तिथे एका बंगल्याच्या कुंपणाबाहेर पारिजातकाचा सडा पडतो. ती वाकून फुलं वेचत राहते, एक एक, देठाला धरून. तिची ओंजळ भरेस्तोवर मी पोचते. सुरुवातीला रोज म्हणायचे, 'तुला उगाच खोळंबवलं.' एक दिवस वैतागून म्हणाली, 'निवांत फुलं तरी वेचू दे मला.' त्यानंतर मी ते म्हणणं सोडलं. पारिजातकाचे दिवस संपले तरी ती त्या कोपऱ्यावर थांबतेच.

तेव्हा आज रात्री त्या फोन करणाऱ्या मैत्रिणीला तू फोन करायचास. सांग, 'उद्या येते. सहा मिनिटं चालेन, बाकावर बसेन, सहा मिनिटं परत. माझ्याबरोबर थांबशील?' अगदी याच शब्दांत विचार. 'तुम्ही व्हा पुढे' हे उद्यापासून तोंडातून काढायचं नाही. बरं वाटलं तरी सहाच मिनिटं, आणि जरा जड वाटलं तरी सहाच. चालताना दुखेल, दहापैकी पाचापर्यंत दुखणं चालेल, दुसऱ्या दिवसापर्यंत ते पहिल्यासारखं झालं म्हणजे झालं. नाही झालं तर चार मिनिटं कर, पण जा. आठवडाभर नीट गेलं की एक मिनिट वाढव. गुडघा लाल होऊन सुजला, ताप आला, सांधा अडकून बसला किंवा पोटरी सुजली, तर मात्र बाग नाही, थेट दवाखाना.

दोन आठवडे वजनकाट्यावर उभी राहू नकोस. वजन उतरेल, पण ते मागाहून. आधी तू त्या बाकापर्यंत पोच.

घरातल्या चपलेवर जाऊ नकोस, मागून बंद असलेले, मऊ तळाचे बूट घाल. आणि फोन नवाच्या आत कर. पहाटे बागेत जाणारी माणसं लवकर झोपतात.