शाळेला सांगितलं तर मुलं घेऊन जातील का?

"ताई, एक विचारायचं होतं, पण शाळेत येऊन नाही बोलता येणार." एवढं बोलून त्या गप्प झाल्या. अमेरिकेतल्या सरकारी शाळेत समुपदेशकाचं काम करताना फोनवर मराठी क्वचितच ऐकू येतं. आलं की समजावं, समोरच्या माणसाने चार दिवस विचार करून मग नंबर फिरवलाय.

राहतं घर सुटलं होतं. नवरा-बायको वेगळे झाले, लीज नवऱ्याच्या नावावर होतं. बाकीच्या कारणांत इथे शिरत नाही. नववीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा यांना घेऊन त्या तीन महिने मैत्रिणीच्या बेसमेंटमध्ये राहत होत्या. मैत्रिणीचं घर शेजारच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (राहत्या पत्त्यावरून सरकारी शाळा ठरते तो विभाग), आणि शाळेकडे अजून जुनाच पत्ता. "खरं सांगितलं तर नावं काढून टाकतील. आणि इथे म्हणे मुलं घेऊनही जातात?"

हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच, वेगवेगळ्या भाषांत. तरीही त्या दिवशी माझं चुकलं. लवकर धीर द्यावा म्हणून मी म्हणाले, "अहो, कायद्याने तुम्ही होमलेस धरल्या जाता, म्हणजे मुलांना उलट जास्तच हक्क मिळतात." पलीकडून उत्तर आलं, "आम्ही होमलेस नाही हो. मैत्रिणीकडे राहतोय." आणि फोन बंद.

बरोबरच होतं त्यांचं. होमलेस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फुटपाथवरचा माणूस येतो. १९८७चा मॅकिनी-व्हेंटो कायदा मात्र शाळेच्या बाबतीत हा शब्द फार सैल वापरतो. घर गेलं, परवडेना, म्हणून दुसऱ्याच्या घरात दाटीवाटीने राहणारी मुलंही त्यात येतात. मोटेल, शेल्टर, गाडी यांत झोपणारी तर येतातच. २०२२-२३मध्ये देशभरातल्या सरकारी शाळांनी अशी सुमारे १३.७ लाख मुलं नोंदवली, आणि त्यांतली चारपैकी जवळजवळ तीन कुणाच्या तरी घरी राहणारी होती. म्हणजे या आईंसारखीच, मैत्रिणीकडे, मावशीकडे, कुणाच्या बेसमेंटमध्ये.

दोन आठवड्यांनी त्यांच्या मुलीलाच माझ्याकडे पाठवण्यात आलं. पहिल्या तासाला सतरा वेळा उशीर झाला होता. दोन बस बदलून आणि वीस मिनिटं चालून यायची. ऑर्केस्ट्रा सोडला होता, कारण सराव संपल्यावर परतीची बस नव्हती. या वेळी मी तो शब्द तोंडातून काढला नाही. विचारलं, "रात्री कुठे झोपता तुम्ही?" ती म्हणाली, "जिन्याखाली. म्हणजे बेसमेंटमध्ये. भाऊ आणि मी एका गादीवर." मग लगेच, "मिस, हे लिहून ठेवू नका."

मी तिच्यादेखत पेन खाली ठेवलं आणि तिच्या आईला फोन केला. प्रत्यक्ष भेटून बोलू, म्हटलं. त्या आल्या.

त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण गोड बोलून ही भीती जात नाही. मुलाला मारहाण होतेय किंवा त्याची हेळसांड होतेय अशी शंका आली, तर ते कळवायला मी कायद्याने बांधलेली आहे, आणि हे मी पालकांना पहिल्याच भेटीत सांगते. पण डोक्यावर स्वतःचं छप्पर नाही, ही गोष्ट म्हणजे हेळसांड नव्हे. पुष्कळ राज्यांनी तर नुसती गरिबी म्हणजे हेळसांड नाही, असं कायद्यातच लिहून ठेवलंय. मूल घरातून काढून फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारी देखरेखीखाली दुसऱ्यांकडे सांभाळायला, द्यायचं की नाही हे शाळेच्या हातात नसतं. ते काम बालकल्याण खात्याचं आणि कोर्टाचं.

तरी भीती अगदीच उगाच नाही, हेही मी त्यांना सांगितलं. मुलं काढून घेतल्याच्या सरकारी नोंदींत कारण म्हणून 'अपुरं घर' असा एक रकाना आहेच. बहुतेकदा त्याच्याबरोबर दुसरीही काही तक्रार असते. या आईंच्या घरात तशी कुठलीच गोष्ट नव्हती. मुलं जेवत होती, शाळेत येत होती, डॉक्टरकडे जात होती, आणि आई रात्री एक वाजता अॅमेझॉनच्या गोदामातली पाळी संपवून परतत होती.

त्यांचा पुढचा प्रश्न मैत्रिणीबद्दल होता. तिच्या लीजमध्ये जास्तीची माणसं ठेवायला परवानगी नव्हती. "तिच्या घरमालकाला शाळेचा फोन गेला तर?" जात नाही. विद्यार्थी कुठे आणि कसा राहतो ही माहिती त्याच्या शैक्षणिक नोंदींचा भाग असते, आणि १९७४च्या फर्पा कायद्याने त्या नोंदी सुरक्षित आहेत. शाळेने घरमालकाकडे चौकशी करायची नसते. व्हिसाचंही त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, तुमच्या व्हिसाबद्दल वकिलाशीच बोला. मात्र मुलांच्या सरकारी शाळेचा त्याच्याशी संबंध नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली प्लायलर खटल्यात ते स्पष्ट केलंय.

प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये घर सुटलेल्या मुलांसाठी नेमलेली एक व्यक्ती असते, तिला लिएझॉन म्हणतात. आधी नाव न सांगता तिला फोन करून नुसती चौकशी केली तरी चालते. मी पालकांना नेहमी हेच सुचवते, आणि या आईंनीही तसंच केलं. माझ्यासमोर बसून, स्पीकर लावून.

फॉर्म भरताना मी मुद्दाम शेजारी बसले. आमच्या फॉर्ममध्ये सध्या कुठे राहता या प्रश्नाखाली 'दुसऱ्या कुटुंबासोबत, आर्थिक किंवा तशाच अडचणीमुळे' असा एक चौकोन आहे. त्यांनी त्यावर खूण केली. होमलेस हा शब्द त्या पानावर त्यांना स्वतःच्या हाताने कुठेच लिहावा लागला नाही, आणि मला वाटतं त्यामुळेच ती सही झाली.

त्यानंतरची कामं कायद्याने ठरलेली आहेत. मुलं आपल्या जुन्याच शाळेत राहू शकतात, आणि पालकांनी मागितलं तर जाण्यायेण्याची सोयही करून द्यावी लागते. घर दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये असेल तर खर्च कोणी उचलायचा ते दोन्ही डिस्ट्रिक्ट ठरवतात, नाही ठरलं तर निम्मा निम्मा. शाळा बदलायची झाली, तर भाडेकरार, जुन्या शाळेचे कागद, लसीकरणाचा दाखला यांतलं काही हाताशी नसलं तरी प्रवेश लगेच द्यावा लागतो. शाळा आणि पालक यांच्यात वाद झाला तर तो मिटेपर्यंत मूल वर्गातच बसतं. दुपारचं जेवण मोफत, त्यासाठी उत्पन्नाचा फॉर्म नको.

हे कागदावर. प्रत्यक्षात व्हॅन सुरू व्हायला नऊ दिवस लागले आणि त्यांत मी चौदा ईमेल लिहिले. पहिल्या दिवशी ड्रायव्हर मुलाला न्यायला विसरला.

आणि मुलगी व्हॅनमध्ये बसायलाच तयार होईना. त्याच व्हॅनमधून फॉस्टर केअरमधली एक मुलगी येत असे. २०१५च्या ईएसएसए या शिक्षण कायद्यानंतर त्या मुलांनाही, हिताचं असेल तोवर, आपल्या मूळ शाळेत राहता येतं. त्यांच्यासाठी डिस्ट्रिक्टमध्ये वेगळा संपर्क अधिकारी असतो, आणि शाळा बदलायची का हा निर्णय तो बालकल्याण खात्याबरोबर घेतो. आमच्या मुलीच्या डोक्यात मात्र सरळ हिशोब बसला होता: ती या व्हॅनने येते, तिला आईपासून काढलंय, आता मीही या व्हॅनने येणार. दोन वेगळ्या वाटांनी दोघी एका सीटवर आल्या आहेत, हे तिला समजावण्यात माझे चार तास गेले. मी समजावलं त्यापेक्षा त्या दुसऱ्या मुलीनेच जास्त समजावलं असावं. डिसेंबरमध्ये दोघी एकाच इअरफोनवर गाणी ऐकताना दिसायच्या. शाळेच्या कोपऱ्यावरच उतरवा ही तिची मागणी नियमात बसली नाही, म्हणून व्हॅन मागच्या दाराशी थांबू लागली.

पहिल्या तासाचा उशीर थांबला. ऑर्केस्ट्रा मात्र तिने परत धरला नाही. मी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

मार्चमध्ये आईंनी मैत्रिणीच्याच डिस्ट्रिक्टमध्ये एका बेडरूमचं अपार्टमेंट भाड्याने घेतलं. लगेच फोन आला, "आता घर झालं, म्हणजे व्हॅन बंद ना?" मी सांगितलं की पक्कं घर मिळालं तरी चालू शालेय वर्ष संपेपर्यंत शाळा आणि व्हॅन दोन्ही राहतात. पुढच्या वर्षी मुलं नव्या शाळेत जातील.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मुलगी लॉकर रिकामा करायला आली. मी तिथूनच चालले होते, थांबले. पुस्तकांमागून एक कापडी पिशवी निघाली. त्यात तिचे आणि भावाचे कपडे, दोन टूथब्रश, आईचा एक फोटो.

"हे कधीपासून इथे?"

"ऑक्टोबरपासून. आई मावशीशी बोलत होती ते मी ऐकलं होतं. मला वाटलं, शाळेतूनच न्यायला आले तर घरी जाऊन सामान घेता येणार नाही."

तिने पिशवी खांद्याला लावली, लॉकरचं दार आपटलं आणि मागच्या दाराकडे गेली. व्हॅन यायची वेळ झाली होती.