प्लूटोवर अन्याय झाला का?

प्रश्न : गुरूचा उपग्रह गॅनिमिड बुधापेक्षा मोठा आहे. प्लूटो तर चेंडूसारखा गोल आहे. तरी हे दोघे ग्रह नाहीत आणि बुध मात्र ग्रह, असं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : गॅनिमिडचा व्यास ५,२६८ किमी, बुधाचा ४,८७९. पण नुसत्या आकाराला इथे किंमत नाही. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने ऑगस्ट २००६ मध्ये प्रागला तीन अटी ठरवल्या : सूर्याभोवती फिरणं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळजवळ गोल होणं आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असणं. गॅनिमिड गुरूभोवती फिरतो, म्हणून पहिल्याच अटीत बाद. (पंचांगातल्या नवग्रहांत सूर्य-चंद्रही येतात, पण त्या यादीचा हिशेबच वेगळा.)

गोल होण्यासाठी अमुकच किमी हवेत असं नाही. शनीचा बर्फाळ उपग्रह मिमास जेमतेम ३९६ किमीचा, तरी गोल. खडकाळ लघुग्रह वेस्टा सुमारे ५२५ किमीचा, तरी बेढब. बर्फ दाबाखाली लवकर नमतो, खडक नमत नाही. त्यात वेस्टा थिजून घट्ट झाल्यावर त्याच्या दक्षिण ध्रुवाशी जबर धडक बसली. तो खळगा पुन्हा भरून आलाच नाही.

घोळ होतो तो तिसऱ्या अटीपाशी. मोकळा म्हणजे झाडून-पुसून रिकामा नव्हे. तसं असतं तर गुरूही नापास झाला असता, कारण त्याच्या कक्षेत साठ अंश पुढे आणि साठ अंश मागे हजारो ट्रोजन लघुग्रह आहेत. पण ते गुरूच्याच ताब्यात आहेत. परिसरात सत्ता कोणाची, हे पाहायचं. पडताळा सोपा : उपग्रह वगळून, कक्षेच्या पट्ट्यातल्या बाकी सगळ्या पिंडांच्या एकूण वस्तुमानाने त्या पिंडाच्या वस्तुमानाला भागा. पृथ्वीचं उत्तर सुमारे १७ लाख येतं, प्लूटोचं ०.०७ च्या आसपास. शिवाय प्लूटोची चाल नेपच्यूनच्या हातात : त्याच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लूटोच्या बरोबर दोन. संघाच्या ठरावात मात्र असा कुठलाच आकडा नाही, आणि ती त्याची कच्ची बाजूच म्हणायची.

प्रश्न : सेरेसला कुठे लघुग्रह म्हणतात, कुठे बटुग्रह. बरोबर काय? – एक वाचक, मडगाव

उत्तर : दोन्ही. इटलीतल्या खगोलशास्त्रज्ञ पियाझीने १८०१ मध्ये तो शोधला तेव्हा तो ग्रहच गणला गेला. पुढे मंगळ आणि गुरूमधल्या त्याच पट्ट्यात भावंडं सापडत गेली आणि त्याची रवानगी लघुग्रहांत झाली. पहिल्या दोन अटी पुऱ्या, तिसरी अपुरी आणि स्वतः कोणाचा उपग्रह नाही, असा पिंड म्हणजे बटुग्रह. संघाने मान्य केलेले असे पाच : सेरेस, प्लूटो, एरिस, हाउमिया आणि माकेमाके. यातल्या एरिसचा शोध २००५ मध्ये जाहीर झाला आणि वाद पेटला. व्यासाने तो प्लूटोहून किंचित लहान, पण वस्तुमानाने सुमारे २७ टक्के जास्त. प्लूटोला ग्रह ठेवायचं, तर यालाही ठेवावं लागलं असतं.