वाचकांचे प्रश्न: डिझेल मोटारीचा ऑइल फिल्टर कसा निवडावा?

प्रश्न: माझ्याकडे २०१४ सालची मारुती स्विफ्ट डिझेल असून ती आतापर्यंत १ लाख १५ हजार किलोमीटर चालली आहे. वॉरंटी संपल्यापासून ती गावातल्याच गॅरेजमध्ये जाते. गेल्या खेपेस ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलले, तरी ५०० किलोमीटरच्या आतच डिपस्टिकवरचे ऑइल काळेकुट्ट दिसू लागले. फिल्टर हलक्या प्रतीचा बसवला असावा, असे वाटते. दुकानात याच गाडीचा फिल्टर दीडशे रुपयांपासून साडेचारशेपर्यंत मिळतो. कोणता घ्यावा? (एक वाचक, सातारा)

उत्तर: फिल्टर हलका असेलही, पण ऑइलच्या काळेपणावरून ते ठरवता येणार नाही. डिझेलच्या ज्वलनातून निघणारी काजळी इतकी बारीक असते की तिचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) लहान भरतात; माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतल्यास अंदाज येईल. असे कण कोणताही नेहमीचा ऑइल फिल्टर अडवीत नाही, आणि अडवू लागलाच, तर तो थोड्याच दिवसांत तुंबून बसेल. काजळीच्या गुठळ्या होऊ न देता तिला ऑइलमध्ये विखुरलेली ठेवण्याचे काम ऑइलमध्ये मिसळलेली रसायने करतात. त्यातच, ऑइल काढले तरी इंजिनाच्या सांदीकोपऱ्यांत जुने ऑइल थोडे उरतेच, आणि ते नव्याला लगेच रंगवते. मेकॅनिकवर या एका कारणाने राग धरू नये.

फिल्टरकडून अपेक्षा असते ती धातूचा कीस, धूळ आणि कार्बनचे मोठे कण पकडण्याची. आपल्या गाडीत फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन आहे. रांजणगावच्या कारखान्यात आणि मारुतीच्या व्यवस्थेतून मानेसरलाही तयार झालेले हे इंजिन मारुती, टाटा, फियाट अशा अनेक गाड्यांत बसले, म्हणून लोक त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत. त्याच्या टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, तो ऑइलच्या पातळ थरावर. व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या टायमिंग चेनचा ताणही ऑइलच्या दाबावरच राखला जातो. इंजिनात मावणारे ऑइल मात्र जेमतेम तीन लिटरच्या आसपास. एवढ्याशा ऑइलवर एवढी कामे सोपवल्यावर त्यातला कचरा महागात पडतो, आणि या इंजिनाची चेन आवाज करू लागली की त्यामागे पुष्कळदा लांबवलेली सर्व्हिसिंग असते.

आता निवडीविषयी. या इंजिनाला डब्याच्या आकाराचा नव्हे, तर हाउसिंगमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या त्याच्या कायमच्या खोबणीत, उभा बसणारा कागदी कार्ट्रिज फिल्टर लागतो. तो हातात घेऊन पाहिल्यास बरेच कळते. कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर आहेत का, त्या एका बाजूला गोळा होऊन दुसरीकडे फट राहिली आहे का, वरच्या-खालच्या टोकांना कागद सलग चिकटलेला आहे का, हे पाहावे. चिकटवणीत मोहरीएवढी जरी खोट राहिली, तरी ऑइल कागदातून न जाता तिथूनच सटकते आणि उरलेला सगळा कागद शोभेपुरता उरतो. अंगठ्याने हलकेच दाबल्यावर घड्या लगेच लोळल्या, तर तो फिल्टर परत द्यावा. खोक्यात नवी ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे) आहे ना, तेही तिथेच बघून घ्यावे.

कागदाची गाळण्याची क्षमता मात्र डोळ्यांनी कळत नाही. तिच्यासाठी आयएसओ ४५४८-१२ ही चाचणी आहे. तिच्यात ठरावीक आकाराचे किती कण फिल्टरपर्यंत आले आणि किती पलीकडे निसटले, हे मोजतात. ७५ कणांपैकी एकच निसटला, तर त्या आकारासाठी बीटा गुणोत्तर ७५, म्हणजे सुमारे ९८.७ टक्के गाळण. दोनातला एक निसटला, तर केवळ ५० टक्के. त्यामुळे ‘२० मायक्रॉनचा फिल्टर’ एवढेच सांगणारी जाहिरात अर्धवट असते: वीस मायक्रॉनचे कण किती टक्के अडतात, हा खरा प्रश्न आहे. काचतंतूंचा कृत्रिम कागद साध्या कागदापेक्षा बारीक गाळतो आणि अधिक कचरा साठवतो, पण दर १० हजार किलोमीटरला किंवा वर्षाला ऑइल बदलणाऱ्याला चांगला साधा कागदही पुरतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: दीडशेचा सोडून द्यावा. कंपनीचा ओरिजिनल घ्यावा, किंवा बॉश, माहले, मान, प्युरोलेटर, एलोफिक यांसारख्या नावाजलेल्या उत्पादकाचा. मोटार कंपन्याही फिल्टर बहुतेक वेळा अशाच उत्पादकांकडून करवून घेतात. नावाइतकेच दुकानही महत्त्वाचे आहे, कारण या नावांचे नकली खोकेही होलोग्रामसकट बाजारात येतात. पक्के बिल देणाऱ्याकडूनच घ्यावे. पार्ट नंबर ‘मल्टिजेटचा द्या’ म्हणून न मागता चॅसी नंबरावरून काढावा, कारण एकाच इंजिनाची हाउसिंग सगळ्या गाड्यांत एकसारखी नाही. जुना फिल्टर शेजारी उभा करून उंची आणि मधल्या भोकाचा व्यास ताडून पाहिला, तर गफलत टळते.

फिल्टर बसवताना स्वतः उभे राहावे. माझ्या स्वतःच्या गाडीच्या बाबतीत एकदा नवी ओ-रिंग खोक्यातच राहिली आणि जुनीच, चपटी झालेली, कॅपवर तशीच गेली. दोन दिवसांनी इंजिनाच्या कडेने ऑइलचे ओघळ दिसले तेव्हा ते खोके उघडून पाहिले. तेव्हापासून जुनी ओ-रिंग हातात मागून घेतो.

प्रश्न: ऑइल दर वेळी बदलून फिल्टर एकाआड एक सर्व्हिसिंगला बदलला, किंवा पेट्रोलने धुवून पुन्हा लावला, तर चालेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: चालणार नाही. धुतल्याने कागदात अडकलेले बारीक कण निघत नाहीत, उलट कागद आणि चिकटवणी दोन्ही कमकुवत होतात. तुंबलेल्या फिल्टरमुळे इंजिन उपाशी राहू नये म्हणून फिल्टरला वळसा देणारी झडप, म्हणजे बायपास व्हॉल्व्ह, उघडतो, आणि मग न गाळलेले ऑइल थेट बेअरिंगांकडे जाते. गाडी तर नेहमीसारखीच चालते, त्यामुळे मालकाला याचा पत्ताही लागत नाही.

प्रश्न: माझ्या जुन्या जीपला डब्यासारखा, आडवा बसणारा फिल्टर आहे. नवा बसवल्यापासून सकाळी सुरू करताना ऑइलचा लाल दिवा चार-पाच सेकंद विझत नाही. (एक वाचक, जुन्नर)

उत्तर: अशा फिल्टरात आतल्या बाजूला रबरी पडदा असतो. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरातले ऑइल खाली ओघळू नये, हे त्याचे काम. स्वस्त फिल्टरात हा पडदा लवकर कडक होतो किंवा मुळातच नीट बसत नाही. सिलिकॉनचा पडदा उष्णतेत जास्त टिकतो. रात्रभरात डबा रिकामा झाला, की सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो आणि तेवढा वेळ बेअरिंगे कोरडी फिरतात. चांगल्या उत्पादकाचा फिल्टर लावून पाहावा. दिवा लगेच विझू लागला, तर दोष फिल्टरचाच होता. मात्र तापलेल्या इंजिनावर, गाडी उभी असताना दिवा लुकलुकत असेल, तर गाडी न चालवता गेज लावून ऑइलचा दाब मोजून घ्यावा. नवा डबा बसवताना जुन्या फिल्टरचे गॅस्केट (तोंडावरचे रबरी कडे) इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे, नव्या गॅस्केटला ऑइलचे बोट लावावे, आणि ते टेकल्यावर डबा हातानेच, साधारण पाऊण फेरा, आवळावा. पान्याने आवळलेला डबा पुढच्या सर्व्हिसिंगला पत्रा फाटल्याशिवाय सुटत नाही.