२०१३ च्या लॅपटॉपवर विंडोज ७, १० की ११? की सरळ लिनक्स?

तुम्ही दिलेली माहिती अशी: आय-थ्री थर्ड जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. त्यावर मुलीचं कॉलेज, निफाडच्या द्राक्षबागेचे एक्सेलमधले हिशेब आणि वडिलांची श्रीलिपीतली (मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली) जुनी पत्रं. दुकानदार म्हणतो विंडोज ७ टाका, भाऊ म्हणतो ११. मी नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर बघतो आणि शेजारपाजारची अशी मशीनं माझ्याकडेच येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विंडोज ७ डोक्यातून काढाच. दुकानदार खोटं बोलत नाही, ते हलकं आहे. पण त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले आणि क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. मशीन पळेल, पण नेटबँकिंग आणि मुलीचे फॉर्म त्या जुनाट ब्राउझरवर करावे लागतील.

११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं. तुमचा तिसऱ्या पिढीचा. तपासणी चुकवून ते बसवता येतं, यूट्यूबवर व्हिडिओंचा ढीग आहे. पण अशा मशीनला पुढची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, दर वेळी तोच खटाटोप. शिवाय ४ जीबी ही ११ ची किमान अट. किमान अटीवर मशीन चालू होतं, त्यावर काम करवत नाही.

आता खरं दुखणं. टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा आकडा बघा. काहीही न करता तो १०० टक्क्यांवर चिकटलेला असेल, तर दोष विंडोजचा कमी आणि फिरत्या हार्ड डिस्कचा जास्त. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या, २४०-२५६ जीबीची पुरे. जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घाला, डेटा आणि पत्रं तिच्यावरच राहतील. रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा असेल तर ४ जीबीची डीडीआर-थ्री पट्टी टाका. नाशिकच्या एम.जी. रोडला चौकशी करा. जुन्या मशीनमधून काढलेली रॅम मिळाली तर चालेल, एसएसडी मात्र नवीच घ्या.

एवढं झालं की निवड सोपी होते. श्रीलिपी लिनक्सवर सरळ चालत नाही, त्यामुळे ती रोज लागत असेल तर विंडोज १०. त्याचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षेचे तेवढे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. म्हणजे हा पर्याय तात्पुरताच. सध्याचं १० ॲक्टिव्हेटेड असेल तर नव्या एसएसडीवरही नेट जोडल्यावर बहुधा आपोआप ॲक्टिव्हेट होतं. दुकानातलं क्रॅक घेऊ नका.

पत्रं फक्त अधूनमधून उघडायची असतील, तर ती एकदाच युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीत) करून घ्या आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. साधे हिशेब लिब्रेऑफिसमध्ये (एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर) उघडतात. मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप चालणाऱ्या सूचना) असतील तर आधी तपासा. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच मिळतो. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही, ते वापरत असतात तर हा सल्ला दिला नसता. माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी मिंटच.

टाकण्याआधी ते पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, टचपॅड बघा. वायफाय दिसलं नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा (म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला द्या) आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा, बऱ्याचदा तिथेच सुटतं. आणि विंडोजच टाकलंत, तर ‘जुनं मशीन आहे, ३२ बिट टाकू’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. ३२ बिटमध्ये ४ जीबीच्या वरची रॅम वाया जाते, आणि तुम्ही तर ती वाढवणार आहात.