सॅटर्न मागवतोयस, तर आधी वायर बघ

नौपाडा, ठाणे

प्रिय मित्रा,

कोपरखैरण्याच्या पत्त्यावर सेगा सॅटर्न या नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओ गेम यंत्राची जपानी आवृत्ती येतेय म्हणतोस, तर खेळांची यादी जरा बाजूला ठेव आणि मागची वायर बघ. सॅटर्नला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दोन पिनांची वायर लागते, जुन्या टेपरेकॉर्डरला असायची तीच. घराघरांत ड्रॉवरच्या तळाशी अशी एखादी पडलेली असते आणि ती सॅटर्नमध्ये चपखल बसते. घात तिथेच होतो. जपानी सॅटर्नचा पॉवर सप्लाय यंत्राच्या पोटात असतो आणि तो 100 व्होल्टचा. त्याला आपले 230 दिलेस की आतल्या रेक्टिफायरपुढच्या (एसीची डीसी करणाऱ्या भागापुढच्या) कपॅसिटरवर 141 व्होल्टऐवजी सव्वातीनशे व्होल्ट चढतात. फ्यूज उडून भागलं तर नशीब समज.

म्हणून स्टेप-डाउन, म्हणजे दाब उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर आधी, यंत्र नंतर. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुझ्या बाजूला एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मर बनवून देणारा वाइंडिंगवाला गाठ आणि स्पष्ट सांग: 230 ला 100, तांब्याची तार, 100 व्हीए. सॅटर्नला एवढी ताकद लागत नाही, पण मोठा ट्रान्सफॉर्मर थंड राहतो. तो म्हणेल, 110 चा तयार आहे, घेऊन जा. घेऊ नकोस. रात्री लाइनचा दाब 245 वर गेला की 110 वाला 117 देतो. प्रवासात केस वाळवायच्या यंत्रासाठी जे हलके कन्व्हर्टर मिळतात, त्यांच्या तर वाटेलाही जाऊ नकोस; ते विजेची लाट कापून देतात आणि असल्या पॉवर सप्लायला ती चालत नाही. ट्रान्सफॉर्मर आणलास की काही न जोडता मल्टिमीटरने मोज. 104-105 दिसले तरी ठीक, लोड आला की थोडे उतरतात. मग यंत्राची वायर ट्रान्सफॉर्मरलाच कायमची बांधून टाक आणि प्लगला लाल टेप गुंडाळ. तू घरी नसताना कुणीतरी आवराआवर करणारच.

युरोपचं यंत्र आपल्या विजेवर थेट चालतं, मग ते का नको, असं तुझ्या मनात येईल. कारण ते 50 हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला 60 ऐवजी 50 चित्रं दाखवणारं. बरेच खेळ त्यावर सतरा टक्क्यांनी संथ चालतात, शिवाय वरखाली काळ्या पट्ट्या. अमेरिकी यंत्राला 120 व्होल्ट लागतात, म्हणजे ट्रान्सफॉर्मर चुकत नाही तो नाहीच. जपानीच घे. सॅटर्न सर्वांत जास्त खपला तो जपानमध्ये, त्यामुळे तिथले खेळ भरपूर आणि तुलनेने स्वस्त.

आता हे यंत्र सोनीच्या प्लेस्टेशनपुढे का हरलं, ते थोडं समजून घे, कारण त्याची गंमतही तिथेच दडली आहे. जपानमध्ये ते 22 नोव्हेंबर 1994 ला आलं. अमेरिकेत सेगाने सप्टेंबरची तारीख दिली होती आणि 11 मे 1995 ला अचानक 399 डॉलरला ते बाजारात उतरवलं. सोनीने त्याच दिवशी प्लेस्टेशनची किंमत सांगितली: 299. पुढे प्लेस्टेशन दहा कोटींच्या वर गेला, सॅटर्न जगभरात नव्वद-एक लाखांवर थांबला. पण सगळा दोष किमतीचा नव्हता. सॅटर्नमध्ये दोन एसएच-2 प्रोसेसर आहेत आणि मेमरीकडे जायचा रस्ता दोघांना मिळून एकच. एक रस्त्यावर असला की दुसरा ताटकळतो. दोघांनाही सतत कामाला लावणं फार थोड्या चमूंना जमलं.

चित्राचं काम दोन चिप वाटून घेतात. व्हीडीपी 1 चौकोन काढते, म्हणजे सपाट चित्र चार कोपऱ्यांनी ताणून हवं तसं वाकवते. बाकी दुनिया त्रिकोणांत विचार करत होती, त्यामुळे दुसरीकडचे खेळ इथे आणताना सगळ्यांचा घाम निघाला. व्हीडीपी 2 पार्श्वभूमीचे थर सांभाळते आणि त्यातला एखादा थर फिरवून, आडवा पाडून क्षितिजापर्यंत नेते. ‘वर्चुआ फायटर 2’ मधली रिंगणाची जमीन नीट बघ. ती व्हीडीपी 2 जवळजवळ फुकटात काढते, आणि वाचलेली सगळी ताकद दोन लढवय्यांवर खर्च होते. म्हणून तो खेळ उंच रिझोल्युशनला सेकंदाला 60 चित्रांनी पळतो. सॅटर्नकडे ‘कमी ताकदीचा प्लेस्टेशन’ म्हणून बघणारा निराश होतो. सपाट चित्रांचं, थरांचं, फार मोठं यंत्र म्हणून बघितलंस तर त्या काळी घरात त्याच्या तोडीचं फारसं काही नव्हतं.

टीव्हीचा प्रश्न इथूनच येतो. व्हीडीपी 1 ला अर्धपारदर्शक रंग नीट जमत नाही. चित्र वाकवताना तेच ठिपके कधीकधी दोनदा रंगतात आणि मागच्या थरात मिसळायचीही अडचण. म्हणून सावली, धूर, पाणी यांसाठी बऱ्याच खेळांत एकाआड एक ठिपका सोडून जाळी काढलेली असते. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर साध्या पिवळ्या एव्ही वायरीने ती जाळी विरघळून खरी सावली होते. एलसीडीवर मात्र मच्छरदाणी दिसते. एव्हीचं एचडीएमआय करणाऱ्या स्वस्त डब्या आणखी बिघडवतात: सॅटर्नचं 240 ओळींचं चित्र त्या 480 ओळींचं इंटरलेस, म्हणजे एकाआड एक ओळींत येणारं, समजून दोन चित्रं एकमेकांत विणतात, मग हलत्या वस्तूंना दात फुटतात.

तेव्हा भंगारवाल्याला सांगून ठेव. सोसायट्यांमधून ट्यूबचे टीव्ही अजूनही निघतात. 21 इंची पुरे. घेण्याआधी एव्हीची भोकं बघ आणि मेनूत कलर सिस्टिम ‘ऑटो’ किंवा ‘एनटीएससी’ (जपानची रंगपद्धत) होते का ते तपास. चित्र काळंपांढरं आलं तर सॅटर्न बिघडलेला नाही, टीव्हीला एनटीएससीचे रंग कळत नाहीत एवढंच. वायर मागवताना सॅटर्नचीच माग. तिला 10 पिना असतात. सेगाच्याच आधीच्या मेगा ड्राइव्ह 2 यंत्राची वायर दिसायला बहीण, पण 9 पिनांची, आणि जोर लावून बसवलीस तर पिना वाकतील.

वरच्या खाचेत, जिथे आपण कॅसेट म्हणायचो तसली कार्ट्रिज बसते, तिथे 4 एमबी रॅमवाली बहुकामी कार्ट्रिज घे. ती इतर देशांच्या डिस्क चालवते, सेव्ह (खेळातली प्रगती) साठवते आणि रॅम वाढवते. ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ जपानी सॅटर्नवर 4 एमबी रॅम घेऊन आला, म्हणून त्यात लढतीच्या मध्येच जोडीदार बदलता येतो. प्लेस्टेशनवर मेमरीअभावी हे काढून टाकावं लागलं. या खाचेची खोड मात्र लक्षात ठेव: संपर्क ढिले पडतात. कार्ट्रिज दिसेनाशी झाली तर ती काढ, सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, वाळू दे, सरळ बसव. डावीउजवीकडे हलवत बसलास तर खाच कायमची सैल होते. आणि जिवापाड जपायची सेव्ह फक्त तिच्यावर ठेवू नकोस, या कार्ट्रिज सेव्ह गिळतात.

यंत्रातली स्वतःची मेमरी 32 केबी, मागच्या झाकणाआडच्या सीआर2032 सेलवर जगणारी. चालू करताना दरवेळी भाषा आणि घड्याळ विचारू लागला की सेल संपला. नवा सेल यंत्र चालू ठेवून बदल. चालू असताना मेमरीला आतून वीज मिळत राहते, सेव्ह जात नाहीत. आधी प्रत काढून ठेवलीस तर हात थरथरणार नाहीत.

डिस्क वाचत नसेल तर लगेच लेझरचा जोर ठरवणारा स्क्रू फिरवायला धावू नकोस. प्लग काढ, झाकण उघड, कापसाच्या काडीला थोडं अल्कोहोल लावून भिंग हलकेच पूस. तरीही नाही, तर लेझर सरकतो त्या रुळांवरचं सुकलेलं ग्रीस काढून नवं अगदी कणभर लाव. स्क्रू शेवटी, आणि तोही आधीचा रोध मोजून, लिहून ठेवून. पुढेमागे डिस्कऐवजी मेमरी कार्डवरून चालवायचं ठरवलंस तर दोन रस्ते आहेत: सॅटिएटर मागच्या व्हिडिओ सीडी खाचेत बसतो, यंत्र उघडावंच लागत नाही, फेनरिर मात्र ड्राइव्हच्या जागी. फेनरिरच्या काही जाती फक्त 20 किंवा फक्त 21 पिनांच्या आहेत, आपल्या ड्राइव्हची चपटी वायर मोजल्याशिवाय पैसे भरू नकोस. उघडायचं झालं तर प्लग काढून दहा-पंधरा मिनिटं थांब आणि पॉवर सप्लायच्या पाटीला बोट लावू नकोस.

आपल्याकडची खरी शत्रू हवा. खाडीचा दमटपणा जूनपासून संपर्कांवर बसतो आणि डिस्कच्या वेष्टनांवर बुरशी धरतो. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात पावकिलोभर सिलिका जेल टाकून ठेव, नारंगी दाण्यांचं घे, रंग उतरला की बदल. पण चार महिने कोंडून ठेवू नकोस. आठवड्यातून तासभर चालव, आतल्या उबेने ओल हटते. एसी लावलेल्या खोलीतून बाहेरच्या दमट खोलीत नेलास तर अर्धा तास तसाच राहू दे, मग स्विच.

खेळांचं एवढंच: महागड्या नावांमागे सुरुवातीला लागू नकोस. ‘सेगा रॅली’, ‘नाइट्स’ आणि वर सांगितलेला ‘वर्चुआ फायटर 2’ जपानी आवृत्तीत सहज मिळतात आणि भाषेवाचून अडत नाही. मित्र जमत असतील तर ‘सॅटर्न बॉम्बरमॅन’. दोन मल्टिटॅप (एका भोकात अनेक पॅड जोडणारे डबे) लावले की दहा जण एकदम खेळतात, फक्त दहा पॅड जमवायचे. पॅड मात्र जपानीच घे, पहिल्या अमेरिकी जाडजूड पॅडपेक्षा ते हातात कितीतरी बरे बसतात.

वाइंडिंगवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर आला की मल्टिमीटरवरचा आकडा मला कळव. यंत्राचं खोकं तोवर फोडू नकोस.

तुझा,
दादा