कबड्डीत डोकं आपटलं, सीटी स्कॅन नॉर्मल आहे. १४ वर्षांचा मुलगा आठ दिवसांनी सामना खेळू शकतो का?

मी डॉक्टर नाही. सोलापुरातल्या एका खो-खो खेळणाऱ्या मुलीची आई आहे, आणि तुमच्यासारखाच नॉर्मल रिपोर्ट मीही हातात घेऊन बसले होते. हा सामना सोडा.

लेकीनं सूर मारला तो कपाळ थेट खांबावर. शुद्ध गेली नाही, रक्तही नाही. सरांनी डोक्यावर पाणी मारून पुन्हा डावात घेतलं. घरी येताना स्कूटरवर मागून विचारते, "आई, आपण जिंकलो का गं?" सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर सात रस्ता चौकातूनच गाडी दवाखान्याकडे वळवली.

सीटीत रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसतं. हादऱ्यानं मेंदूचं काम बिघडतं, ते त्यात दिसत नाही. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाचा फलंदाज स्टीव्ह स्मिथला मानेवर चेंडू लागला, तरी तो परत येऊन खेळला. त्रास जाणवला दुसऱ्या दिवशी. त्याच्या जागी लाबुशेन उतरला आणि पुढच्या कसोटीतही स्मिथ बाहेरच होता. आमच्या लेकीला डॉक्टरांपेक्षा हेच पटलं!

पहिले एक-दोन दिवस घरी आराम, मोबाईल अगदी कमी. डॉक्टरांनी तपासलं असेल तर झोपू द्या, "झोपू देऊ नका" हे शेजारपाजारचं शास्त्र. पण आठवडाभर अंधारात निजवूनही ठेवू नका, हिंडूफिरू द्या. आधी शाळा, खेळ नंतर. मग हलकं पळणं, मग कुणाशी धडक होणार नाही असा सराव, मग डॉक्टरांची परवानगी, आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, डोकं पुन्हा दुखू लागलं तर एक पायरी मागे. या वयात चार आठवडेही लागतात. आमचे तीन गेले. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. क्वचितच होतं, पण होतं ते बहुतेक कोवळ्या वयातच.

वारंवार उलट्या, झटके, वाढत जाणारी डोकेदुखी, हाता-पायात अशक्तपणा किंवा उठवूनही जाग न येणं, यातलं काहीही दिसलं तर थेट १०८.

आणि "दुखतंय का?" असं विचारून भागणार नाही. संघातून काढतील या भीतीनं मुलं खोटं बोलतात. आमची "नाही दुखत" म्हणायची, आणि ट्यूबलाईट लावली की कपाळावर हात आडवा धरायची.